चित्रात आम्ही, मस्टरवर कोण?

गावाला भाव आलाय, दोस्तहो, ऐकलंत का? १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कात क्रिस्टीज नावाच्या लिलाववाल्यांनी एक अख्खं गाव विकलं. गावाचं नाव ‘ग्रामयात्रा’. एम. एफ. हुसेननं १९५४ साली रंगवलेलं, चौदा फुटांच्या आसपास लांब, आत तेरा चौकटी. कुठं स्वयंपाक करणारी बाई, कुठं पोरं सांभाळणारी बाई, कुठं बैलगाडी, कुठं शेतकरी. बोली थांबली तेव्हा आपल्या पैशात हिशेब झाला सुमारे ११८ कोटी रुपये. त्या दिवसापर्यंत भारतातल्या कुठल्याच आधुनिक चित्राला एवढी बोली लागलेली नव्हती.

मी हे सुरगाण्यात बसून लिहितोय. होळीला आलो तो अजून इथंच आहे, कारण बंदरात काम थंड आहे आणि मुकादमाचा फोन नाही. इथं चित्रातली सगळी माणसं मला दारातून दिसतात. चूल आहे, पोर काखेत मारलेली बाई आहे, बैलगाडी कमी झाली, तिच्या जागी पिकअप आली. त्या पिकअपमध्ये गुरांसारखी माणसं भरून घाटावर जगायला जातात. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत छाटणीला. म्हणून सहज पाटीवर आकडेमोड केली. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. ११८ कोटीला ३१२ नं भागा. सुमारे ३७ लाख ८० हजार दिवस येतात. वर्षाला तीनशे दिवस काम मिळालं (जे सुरगाण्यात कुणाच्या बापाला मिळालेलं नाही) तरी चित्रातल्या त्या एका बाईला चित्राच्या किमतीएवढं कमवायला बारा हजार सहाशे वर्षं लागतील. तोपर्यंत चित्राचा रंग उडेल.

आता लगेच कुणी म्हणेल, आला हा गोदी कामगार, मॅट्रिक झालेला, चित्रकाराच्या पोटावर उठला. थांबा. हुसेनवर माझा राग नाही. पंढरपुरात जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला माणूस, आणि म्हातारपणी ज्याला या देशातल्या धर्माच्या ठेकेदारांनी घराबाहेर काढलं, परदेशात मरायला लावलं. त्याच्या हाताला मी हात लावत नाही. हेच चित्र त्यानं विकलं तेव्हा एका परदेशी डॉक्टरनं ते १,४०० रुपयांना घेतलं, असं छापून आलंय. १,४०० चे ११८ कोटी झाले ते हुसेनच्या कुंचल्यानं नव्हे. तो तर २०११ सालीच गेला. म्हणजे माल पडून राहिला, भाव वाढला. गोदीत आम्ही याला साठेबाजी म्हणतो. तांदळाची केली तर गुन्हा, चित्राची केली तर रसिकता.

आणि गंमत अशी की कायदा आहे! १९९४ साली कॉपीराइट कायद्यात ५३-अ नावाचं कलम घातलं. मूळ चित्र, शिल्प, हस्तलिखित पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर गेली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के. किती चित्रकारांच्या विधवांना हे ठाऊक आहे? किती लिलाववाले स्वतः होऊन सांगतात? कायदा आपल्याकडं पुष्कळ वेळा असा असतो, देवळातल्या घंटेसारखा उंच बांधलेला, हात पुरला तर वाजवा.

तर भांडण चित्रकाराशी नाही. भांडण त्या हिशेबाच्या वहीशी आहे. कलेच्या दुनियेच्या वहीत सही करणाऱ्याचं नाव आहे, विकणाऱ्याचं आहे, विकत घेणाऱ्याचं आहे, पैसे देणाऱ्या कंपनीचं तर सगळ्यात मोठ्या टायपात आहे. ज्यांच्या जिण्यावर चित्र उभं आहे आणि ज्यांच्या पाठीवरून ते भिंतीपर्यंत गेलं, त्यांचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं? रकानाच नाही. मला त्या रकान्याबद्दल बोलायचंय.

आधी घरचं बोलू. सुरगाणा तालुक्यात शंभरात नव्वदच्या वर माणसं आदिवासी – कोकणा, वारली, महादेव कोळी. आमची बौद्ध वस्ती मूठभर. म्हणून वारली चित्राबद्दल बोलतो ते शेजाऱ्याच्या नात्यानं. लहानपणी लग्नाच्या घरात भिंत गेरूनं सारवून त्यावर तांदळाच्या पिठाचा चौक बघितलाय. सवाष्णी बाया तो घालतात. वारली माणूस ‘चित्र काढतो’ म्हणत नाही, ‘लिहितो’ म्हणतो. मधे पालघट देवी, भोवती नक्षी, धवलेरी गाणी म्हणते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की पाऊस-धुरानं चौक पुसला जातो, कुणाला दुःख नसतं. पुढच्या लग्नाला बाया पुन्हा लिहितात.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार सरकारी हस्तकला खात्याच्या कामानं डहाणूकडं गेला. याच माणसाला आधी बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेला पाठवलं होतं, भिंतीवर लिहिणाऱ्या तिथल्या बायांना कागद द्यायला, म्हणजे चार पैसे मिळतील. माणूस खरा होता, पाड्यात राहिला. गंजाडला त्याला जिव्या सोमा म्हशे भेटले. १९७५ साली मुंबईत, तेव्हा जहांगीरच्याच माडीवर असलेल्या केमोल्ड गॅलरीत, म्हशेंची चित्रं लागली. १९८९ ला पॅरिस. २००३ ला जर्मनीत डुसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या नामांकित इंग्रज कलावंताबरोबर जोडीनं प्रदर्शन. २०११ ला पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात म्हातारा गेला. आणि ही दुसरी बाजू: सत्तरच्या दशकात दिल्लीला मान मिळाला तेव्हा त्यांना जमिनीचं आश्वासन मिळालं होतं. ती जमीन पदरात पडायला तीस वर्षांच्या वर गेली. पॅरिसच्या भिंतीवर जागा लवकर मिळाली, डहाणूच्या मातीत उशिरा.

यात मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट बोलतो. चौक लिहिणाऱ्या बाया कुठं गेल्या? भिंतीवर होतं तोवर ते बायांचं होतं. कागदावर आलं, पैसा आला, तशी नावं बहुतेक पुरुषांची झाली. म्हशेंनी स्वतःचं वेगळं काही केलं, शेत, मासेमारीचं जाळं, मुंग्या, गाड्या आणल्या, ते मोठंच. पण ती लिपी ज्यांच्या बोटांतून आली त्या बायांना कुणी पद्मश्री सोडा, धन्यवादाचं कार्ड पाठवलं नाही. आणि आज? कपावर वारली, साडीवर वारली, विमानतळावर वारली, शौचालयाच्या दारावर बाई-बाप्या ओळखायला वारली. २०१४ साली आदिवासी तरुणांच्या एका संघटनेच्या खटपटीनं वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, निदान आता कागद दाखवून भांडता येतं. पण भांडायला वकील लागतो, आणि कप छापणारा कारखाना पाड्यापासून शेकडो मैलांवर असतो.

पुढं जाऊ. आमच्या भागात बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला, रात्रभर, संबळ-सनईवर सोंगं नाचतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण. लाकडाचे मुखवटे, काही कागदाच्या लगद्याचे, इतके जड की नाचणाऱ्याची मान सकाळी वळत नाही. आम्ही बौद्ध, ती देवांची सोंगं आमची नव्हेत, त्यापुढं मी हात जोडत नाही. पण लाकूड कोरणारा हात मला कळतो. असले मुखवटे शहरातल्या संग्रहालयात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगलेले असतात आणि खाली पाटी असते – ‘आदिवासी मुखवटा, कलाकार अज्ञात’. अज्ञात? अरे, ज्या पाड्यातून तो नेला त्या पाड्यातल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की हा अमक्याच्या आज्यानं कोरलाय, त्याचं घर विहिरीपलीकडं. त्याला नाव होतं. विचारणाऱ्याला ते नकोच होतं, कारण नाव आलं की हिस्सा आला. ‘अज्ञात’ हा शब्द म्हणजे कलेच्या दुनियेतला सगळ्यात स्वस्त सौदा आहे.

आता आमच्याच घरातली अवघड गोष्ट. माझा आजा हलगी वाजवायचा. म्हणजे त्याला वाजवावी लागायची. गावात कुणी मेलं की वाजव, लग्न निघालं की वाजव, जत्रेत देवाच्या पुढं पण देवळाच्या बाहेर वाजव. बाबासाहेबांनी सांगितलं, ही गुलामीची कामं टाका, मेलेली ढोरं ओढू नका. १९५६ ची हवा आमच्या डोंगरात उशिरा पोहोचली, पण पोहोचली, आणि आज्यानं हलगी टाकली. त्यापायी वस्तीनं पाणी, बलुतं, सगळं भोगलं. आता दोन वर्षांमागं मुंबईत एका प्रदर्शनात मी हलगी पांढऱ्याशुभ्र भिंतीवर टांगलेली पाहिली, वरून दिव्याचा झोत. शेजारी इंग्रजी मजकूर. मला वाचवला तेवढा वाचला. त्यात ताल होता, परंपरा होती, ‘लोकस्मृती’ होती. ती वाजवायला नकार देणारा माणूस नव्हता. जो नकार आमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कलाकृती आहे, तो त्या भिंतीवर कसा टांगणार? त्याला खिळा मारता येत नाही.

काही मित्र म्हणतात, हलगी पुन्हा हातात घ्या, आता ती विद्रोहाची आहे. घ्या की! मोर्चात मीही नाचलोय तिच्यावर. पण आपण आपल्या मर्जीनं घेणं वेगळं आणि महोत्सववाल्यानं ‘अस्सल दलित वादक पाहिजेत, पारंपरिक वेशात’ म्हणून फोन करणं वेगळं. तो फोन पाटलाच्या हाकेसारखाच आहे, फक्त हाक आता गोड आली. पारंपरिक वेश म्हंजे काय रे? आज्याच्या अंगावर फाटकी बंडी होती, तीच का?

सरकारचं म्हणाल तर म्हाताऱ्या कलावंतांना मानधन आहे. आधी वर्गवारी होती, राष्ट्रीय कलावंत, राज्याचा, जिल्ह्याचा, आणि त्याप्रमाणं महिन्याला ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये. २०२४ पासून सरसकट ५,००० केले. ठीक. नाही म्हणत नाही, आमच्या म्हाताऱ्यांना पाच हजार म्हणजे औषधपाणी. पण त्यासाठी कलावंत असल्याचे पुरावे जोडायचे, प्रमाणपत्रं जोडायची, कात्रणं जोडायची. ज्यानं आयुष्यभर पाड्यात थाळ वाजवून कणसरीची कथा सांगितली, त्यानं कात्रण कुठून आणायचं? पेपरवाला कधी त्या पाड्यात गेला होता? इथंही तोच रकाना नाही.

आता गोदीतल्या हमालाचं ऐका. काम थंड असलं की आमची टोळी बाहेरची उचल-ठेव करते. एकदा दक्षिण मुंबईतल्या एका कलादालनाचं काम मिळालं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. लोखंडाच्या चौकटी आणि त्यावर शिवलेलं बारदान, असं एक भलंथोरलं प्रकरण दुसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. लिफ्टमध्ये मावेना. आम्ही चौघं, दोर आणि तोंडातल्या शिव्या. वर गेलं. तिथली एक पोरगी, मनानं चांगली, पाणी दिलं तिनं, मला समजावत होती की हे बारदान म्हणजे श्रमाचं रूपक आहे, जगातल्या सगळ्या हमालांच्या घामाला केलेला सलाम. मी म्हटलं, ताई, जगातल्या चार हमालांचा घाम तर तुमच्या जिन्यावर सांडलाय, आधी तो पुसू का? ती हसली. पैसे चौघांत मिळून तीन हजार ठरले होते. ते अडीच महिन्यांनी आले आणि त्यातून पाचशे कापलेले, कारण म्हणे चौकटीला ओरखडा आला. उद्घाटनाचं छापील पुस्तक मागून बघितलं. चित्रकार, क्युरेटर, प्रकाशयोजना, विमा कंपनी, बँक, आणि वाइन कुणाकडून आली तेही छापलेलं. सिनेमावाल्यांना आपण कितीही शिव्या देऊ, पण सिनेमा संपल्यावर पाटी येते आणि स्पॉटबॉयचं, चहावाल्याचं, ड्रायव्हरचं नाव खालून वर सरकत जातं. कुणी वाचत नाही, पण ते असतं. कलादालनाला तेवढीही लाज नाही.

बारदानाचा विषय निघालाच आहे तर एक चांगलं उदाहरण सांगतो, म्हणजे हा नुसता शिव्याच देतो असं व्हायला नको. आफ्रिकेतल्या घाना देशात इब्राहिम महामा नावाचा कलावंत आहे, १९८७ चा जन्म, म्हणजे फार म्हाताराही नाही. तो कोकोच्या, कोळशाच्या जुन्या फाटक्या गोण्या गोळा करतो. व्यापाऱ्यांना नव्या देतो, जुन्या घेतो. कामगारांना, फिरस्त्यांना बरोबर घेऊन त्या शिवतो आणि त्यानं अख्ख्या इमारती झाकतो. २०१५ ला व्हेनिसमध्ये झाकली, २०१७ ला जर्मनीतल्या कासेलला. गोणी कुठून कुठं गेली, कुणाच्या पाठीवरून गेली, ते त्या ठिगळांवर वाचता येतं. गोणीवरचे शिक्के, मळ, तेलाचे डाग – मी फोटोतच बघितलं, पण मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आणि नंतर त्यानं काय केलं? जो पैसा आला त्यातून आपल्या तामाले गावाकडं कलाकेंद्रं उभारली, २०१९ पासून, जिथं शाळेची पोरं येऊन बसतात. जुनी विमानं आणि रेल्वेचे डबे आणून ठेवलेत पोरांसाठी. मुद्दा विमानाचा नाही. पैसा ज्या मातीतून निघाला तिथं परत गेला, एवढाच मुद्दा.

अजून एक. अबूधाबीला सादियात बेटावर गुगेनहाइम संग्रहालय बांधायचं ठरलं. बांधणारे कोण? आपलेच, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळचे. कर्ज काढून गेलेले, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. २०११ साली जगातल्या १३० च्या वर कलावंतांनी सही करून सांगितलं, मजुरांना न्याय मिळत नाही तोवर आम्ही या संग्रहालयाला आमचं काम देणार नाही. ‘गल्फ लेबर’ म्हणत त्या चळवळीला. आपल्याकडं असं झालं? आपल्याकडं २०१९ ला कोचीच्या बिएनालेनंतर उभारणीचं काम करणाऱ्या कंत्राटदारानं आणि कामगारांनी पैसे थकल्याचे आरोप केले. आयोजकांनी बिलं फुगवल्याचं म्हटलं. खरं-खोटं मी इथून ठरवत नाही. पण ज्या कोचीत मसाल्याच्या आणि काथ्याच्या जुन्या वखारींत, म्हणजे आमच्यासारख्या हमालांच्या जागेत, २०१२ पासून जगभरची कला मांडतात, तिथं तरी हमालाचं बिल हा शेवटचा विषय असू नये.

मुंबईत ससून डॉकलाही तेच. १८७५ चा डॉक, कोळणींचा, कोळंबी सोलणाऱ्या बायांचा. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या गोदामांत कलाप्रकल्प भरला, पुन्हा २०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत. रंगाच्या बड्या कंपनीचा हात पाठीशी, प्रवेश फुकट. खरं सांगतो, मला काही गोष्टी आवडल्या. पहिल्या वेळी तिथल्याच कोळणींचे, कामगारांचे मोठमोठे फोटो बाहेरच्या भिंतीवर चिकटवले होते. एवढ्या मोठ्या आकारात मुंबईनं फक्त पुढारी आणि नट बघितलेत. पण बघायला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावून आत शिरायची. ‘ऑथेंटिक’ म्हणायची आणि रुमाल काढायची नाही. जिचा फोटो भिंतीवर, ती बाई खाली बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून कोळंबी सोलतेय, किलोच्या हिशेबानं. दोन्ही एकाच जागेत, मधे पाच फूट अंतर, आणि ते पाच फूट कुणी चालत नाही.

मला भीती वेगळीच वाटते. २०१४ साली राणी जाधव समिती नेमली तेव्हापासून मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचं काय करायचं याचे आराखडे फिरतायत. पर्यटन, बागा, मरीना. जगभरचा अनुभव असा की आधी भिंती रंगतात, मग कॉफीचं दुकान येतं, मग भाडं वाढतं आणि मग मूळचा माणूस जातो. न्यूयॉर्कच्या सोहोत असंच झालं. आधी कारखाने गेले, मग चित्रकार राहायला आले, मग चित्रकारांनाही परवडेना. गिरणगावात तर रंगाचीही गरज पडली नाही, १९८२ च्या संपानं रस्ता मोकळा झाला आणि मॉल आले. चित्रकार मित्रांनो, तुमचा ब्रश बुलडोझरच्या पुढं चालतो की काय, एवढं एकदा वळून बघा.

आणि पैसा कुठला? २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता किंवा हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. त्या यादीत कला, संस्कृती, पारंपरिक हस्तकला आहे. म्हणजे कंपनी जो पैसा कलेला ‘देते’ तो कायद्यानं तिला कुठंतरी द्यायचाच असतो. वर नाव तिचं, फीत तिची. नफा मात्र कंत्राटी मजुरीतून निघतो. हजेरी लावायची नाही, फंड कापायचा नाही, एका नावावर दुसऱ्यालाच राबवायचं. आमच्या पगारातून उरलेला पैसा आमच्यावरची चित्रं विकत घेतो. अशी ही देणगी.

आपली पोरं आत जातायत हे मला दिसतंय आणि अभिमान वाटतो. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं, कमरेला झाडू असा आपला माणूस रंगवला तेव्हा कलेच्या सोवळ्यात मोठी धांदल उडाली. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, त्यांच्या गटारात उतरून काढले, आणि २०१६ ला पद्मश्री झाले. प्रभाकर कांबळेची ‘उतरंड’ २०२२ ला बर्लिनच्या बिएनालेत मांडली गेली. मडक्यावर मडकं, आपल्या समाजाची रचनाच. या माणसांना मी ‘विकले गेले’ म्हणणार नाही. तसं म्हणणारे आपल्यात आहेत, स्वतः काही न करणारे. जा, घुसा, त्यांच्या भिंती घ्या. फक्त आत गेल्यावर आत नेणाऱ्याच्या भाषेत आपल्याच माणसाचं निवेदन लिहू नका. ‘सबाल्टर्न’ म्हणजे कोण, मी एकाला विचारलं. म्हणाला, तुम्हीच. मला इतके दिवस ठाऊकच नव्हतं.

म्हणून मागणी साधी ठेवतो, मॅट्रिक माणसाला झेपेल एवढी. प्रत्येक प्रदर्शनाच्या दारात मस्टर लावा. कोणी उचललं, कोणी शिवलं, कोणी ओतलं, कोणी रंग घोटला, किती दिवस, किती रुपये रोजानं, आणि पैसे दिले का. कंपनीच्या नावाच्याच टायपात. ‘अज्ञात’ ही पाटी कुठं दिसली तर संग्रहालयाला लेखी विचारा, वस्तू कुठल्या गावातून कोणत्या साली आली, किती पैसे दिले. सरकारी संग्रहालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि आश्रमशाळा, पंचायत समिती, दवाखान्याच्या भिंतीवर वारली रंगवायचं कंत्राट निघतं तेव्हा ते शहरातल्या पेंटरला का जातं, ज्याला धवलेरी म्हणजे काय ते माहीत नाही? ज्या शाळेच्या भिंतीवर तो छापा मारतो, त्याच शाळेतल्या पोरीची आई चौक लिहिते आणि ती त्या दिवशी निफाडला द्राक्षाच्या बागेत असते. तिला बोलवा, रोज द्या, भिंतीच्या कोपऱ्यात तिचं नाव तिच्या हातानं लिहू द्या.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला लाल मोर्चा चालत गेला, सहा दिवस, त्यात आमच्या सुरगाण्याची माणसं हजारांनी होती. फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो देशभर छापले गेले. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव होतं, असायलाच पाहिजे. पायाचं नाव नव्हतं. तेव्हा काम सुरू करू. सुरगाणा, पेठ, कळवण, डांगाच्या हद्दीपर्यंत – तुमच्या पाड्यात मुखवटा कोण कोरतं, चौक कोण लिहितं, पावरी कोण बनवतं, थाळावर कथा कोण सांगतं, त्याला किंवा तिला विचारून, त्यांची मर्जी असेल तर, नाव-गाव पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मोर्चात पाय सोललेल्यांनीही पाठवा. पुढच्या अंकात आठ पानं मोकळी ठेवायला संपादकाला सांगितलंय. तो कुरकुरतोय कागदाच्या भावावरून, पण ठेवील. पत्ता मलपृष्ठावर आहे.